वाड्यातली कुणबीण काय पाहते?

(वसंत व्याख्यानमालेत घाटकोपर येथे दिलेले व्याख्यान)



आम्हाला या व्यासपीठावर बोलावण्यात आले तेव्हा चालकांच्या मनात विषय ठरलेला होता : कामगार कायदे आणि त्यांतील नवे बदल. आम्ही त्यांना सांगितले, की त्या विषयावर गेटसभेत आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि ज्यांनी ते ऐकायला हवे ते मालकलोक काही वसंत व्याख्यानमालेला येत नाहीत. तेव्हा एक संध्याकाळ आम्हाला कादंबरीवर बोलू द्यावे. कादंबरी, तीही रहस्यकथा; आणि रहस्यकथा, तीही शाळा-कॉलेजातल्या पोरांनी वाचायची! चालकांनी एकमेकांकडे पाहिले. पण पत्रिका छापायला द्यायची घाई होती, म्हणून आमचे फावले.

आमचा या विषयावर अधिकार काय, असा प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण नववीत तुटले. गिरणी संपानंतरच्या त्या दिवसांत ज्या ज्या घरांतली पोरे शाळा सोडून कामाला लागली, त्यांतले एक घर आमचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या लाकडी कपाटाने केले, आणि त्याआधीचे चाळीतल्या फिरत्या वाचनालयाने. त्या वाचनालयात बाबुराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या एका रात्रीच्या बोलीने मिळत. सकाळी परत केली नाही तर दंड. नाथमाधवांचा 'वीरधवल' मात्र आठवडाभर ठेवता येई, कारण तो जाड होता. तेव्हा रहस्यकथेच्या बाबतीत आम्ही पदवीधर आहोत, एवढे धिटाईने म्हणू.

दुसरा अधिकार धंद्याचा. कारखान्यात एखाद्या कामगारावर आरोप ठेवला म्हणजे एन्क्वायरी बसते. एका टेबलाशी कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला आरोपी कामगार आणि त्याचा बचाव करणारा आमच्यासारखा कोणी. मध्ये साक्षी, उलटतपासणी, पंचनामा. अशा एन्क्वायऱ्या आम्ही तीस वर्षे लढवल्या. एकदा तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली आणि एका हेल्परवर चोरी लागली. गेटबुकात तो रात्री पावणेबाराला बाहेर पडल्याची नोंद होती. आम्ही पंधरा दिवस डोके फोडले. शेवटी कँटीनमधल्या चहावाल्या पोराने सहज सांगितले, की ती नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली गेली. त्याने स्वतः त्या वेळी गेटवर चहाचा पेला ठेवला होता आणि पेल्याचा गोल डाग त्या पानावर पडला होता. पान पाहिले, डाग होता. 'अरे, मग आधी का नाही बोललास?' तर म्हणाला, 'मला कोण विचारतंय?'

आजच्या आमच्या बोलण्याचा सारा ऐवज त्या पोराच्या या एका वाक्यात आहे. रहस्याची उकल कोण करतो, हा रहस्यकथेतला प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. आम्ही तिथे दुसरा प्रश्न जोडतो : कोणाला विचारलेच जात नाही?

आता कादंबरीकडे येऊ. आमच्या एका सहकारी बाईंची मुलगी कॉलेजात शिकते. बाई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी इंग्रजी कादंबऱ्या वाचते. तिने आम्हाला एका पुस्तकाची गोष्ट सांगितली, आणि ती इतकी आमच्या जिव्हारी बसली, की ते पुस्तक आम्ही शब्दकोश घेऊन अडीच महिन्यांत स्वतः वाचून काढले. पुस्तकाचे नाव 'द सायलेन्स ऑफ बोन्स', म्हणजे हाडांचे मौन. लेखिका जून हर. जन्म कोरियातला, वाढली कॅनडात. हे तिचे पहिले पुस्तक, २०२० साली निघाले.

कथा घडते १८०० साली, जुन्या कोरियाच्या राजधानीत. आज जिला आपण सोल म्हणतो तिला तेव्हा हानयांग म्हणत. नायिका सोळा वर्षांची आहे, नाव सोल. शहराच्या नावाशी त्याचा संबंध नाही, असे ती मुलगी आम्हाला बजावून सांगते. ही सोल पोलीस ठाण्याला बांधलेली दासी आहे. अशा दासीला तिकडे 'दामो' म्हणत, आणि शब्दाचा अर्थ, श्रोतेहो, चहावाली! ठाण्यात झाडलोट करायची, चहापाणी द्यायचे. पण त्या समाजात परक्या पुरुषाने स्त्रीच्या अंगाला हात लावायचा नाही, असा कडक दंडक होता. मग स्त्री गुन्हेगाराला धरायचे कोणी? मेलेल्या स्त्रीच्या अंगावरच्या जखमा पाहायच्या कोणी? अधिकारी खानदानी, तो दूर उभा राहणार. हात घालायचा दामोने. म्हणजे ज्या नियमाने बाईला घरात कोंडले, त्याच नियमाने एका दासीच्या हाती खुनाचा पुरावा दिला. एका उमराव घराण्यातल्या स्त्रीचा खून होतो, आणि तपासणी अंमलदाराच्या मागे मागे जाणारी ही पोर अंमलदाराला दिसत नाही ते पाहू लागते. पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून तिच्या गालावर दासी असल्याची अक्षरे डागलेली आहेत. तो डाग घेऊनच ती लोकांच्या घरात शिरते, आणि डाग पाहून लोक तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात. कारण दासीसमोर बोलणे म्हणजे भिंतीसमोर बोलणे. भिंतीला कान असतात ही म्हण आपण उगाच केलेली नाही.

खून कोणी केला ते आम्ही सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणारा माणूस आमच्या मते संपफोड्याच्या जातीचा.

पण त्या काळाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण कादंबरीचा जीव त्यात आहे. १८०० च्या उन्हाळ्यात तिथला राजा जोंगजो वारला. गादीवर अल्पवयीन मुलगा बसला आणि कारभार राजघराण्यातल्या वृद्ध राणीकडे आला. पुढल्याच वर्षी ख्रिस्ती झालेल्या लोकांची कत्तल सुरू झाली. त्या नव्या पंथात उमराव आणि दास एका पंगतीला बसत होते, हा त्यांच्यावरच्या रागाचा एक भाग होता. आणि मौज अशी, की त्याच १८०१ साली त्याच सरकारने सरकारी मालकीच्या दासांच्या नोंदवह्या जाळून साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी केली! एका हाताने मान कापणे, दुसऱ्या हाताने बेडी तोडणे. कादंबरीकार असा काळ निवडतो तेव्हा त्याला भूतबंगले बांधावे लागत नाहीत. दास ठेवण्याची पद्धत तिथे कायद्याने संपूर्ण बंद झाली ती १८९४ मध्ये.

हे सर्व वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि मनात आले, की हे आपल्याकडे का नाही? १८०० साल म्हणजे आपल्याकडे नाना फडणीस वारले ते साल. पेशवाईचा उत्तरार्ध. कटकारस्थाने, खलबते, कैदेतल्या राण्या, तोतये, गुप्त पत्रे. रहस्यकथाकाराला आणखी काय हवे? आणि आपल्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचा तर पूर आहे. गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ चे. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणुकी'त येऊ लागला. त्यात मारुतीच्या देवळाखालचे तळघर आहे, गुप्त मंडळी आहे, वेषांतर आहे. लहानपणी त्या तळघरात उतरताना आमच्या अंगावर काटा येई, आणि आजही येतो. नाथमाधवांच्या 'वीरधवला'त तर रहस्याशिवाय पान हलत नाही. शिकारीला गेलेला हा माणूस सिंहगडाच्या कड्यावरून पडला, कमरेखाली लुळा झाला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने साऱ्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवले! त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तरीही एक तक्रार आहे, आणि तिचे मूळ विलायतेत आहे.

आपल्या जुन्या अद्भुत कादंबरीवर ज्या इंग्रज लेखकाचा पगडा बसला त्याचे नाव जी. डब्ल्यू. एम्. रेनॉल्ड्स. हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' त्याच्याच आधाराने लिहिलेली. गो. ना. दातारांनी तर रेनॉल्ड्सला धोतर नेसवून, पगडी घालून घरोघर फिरवले. पण हा रेनॉल्ड्स होता कोण? आम्ही शोधू लागलो आणि चाट पडलो. तो चार्टिस्ट होता! कामगाराला मताचा हक्क मागणाऱ्या इंग्लंडातल्या चळवळीचा पुढारी. मार्च १८४८ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात सरकारने बंदी घातलेली सभा भरली, तिचे अध्यक्षपद याने घेतले. पुढे त्याने कष्टकऱ्यांसाठी साप्ताहिक वृत्तपत्र चालवले. एक कादंबरी शिवणकाम करणाऱ्या पोरीवर लिहिली. दुसरी, 'मेरी प्राइस', ही एका मोलकरणीची आत्मकथा म्हणून लिहिली. ती १८५१-५२ ची. म्हणजे मोलकरणीने स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगायची, ही युक्ती आपल्या गुरूकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती.

आपण त्याच्याकडून काय उचलले? भुयारे उचलली. चोरदरवाजे, विषाचे पेले, अदलाबदल झालेली मुले, काळे बुरखे उचलले. मोलकरीण त्याच्याकडेच राहू दिली. गिऱ्हाइकाने आंब्याची पेटी न्यावी, आंबे दुकानात ठेवावे आणि गवत घरी घेऊन जावे, तसे काहीसे झाले. लेखकांना दोष देऊन भागणार नाही. राज्य परक्यांचे होते. वाचकाला वीर हवा होता, गड हवा होता, आपलीही तलवार एके काळी चालली होती हे ऐकायचे होते. ती भूक खरी होती. पण त्या पंगतीत वाढणारे हात कोणाचे, हे कोणी लिहिले नाही. दासी आली तर कशाला? पत्र पोहोचवायला, फितूर व्हायला, किंवा 'सरकार, घात झाला' असे ओरडून पडद्याआड जायला.

आता म्हणाल, हा युनियनवाला सगळीकडे युनियनच पाहतो. खरे आहे. सुताराला लाकूड दिसते. म्हणून आम्ही कल्पनेतली गोष्ट बाजूला ठेवतो आणि आपल्या इतिहासातला सर्वांत गाजलेला खून तुमच्यापुढे मांडतो. नारायणराव पेशव्यांचा.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपदातली दुपार. शनिवारवाडा. पेशव्याचे वय अठरा. म्हणजे आपल्या त्या कोरियन नायिकेहून दोनच वर्षांनी मोठा. सकाळी तो पर्वतीला जाऊन आला होता. काही शिजते आहे अशी कुणकुण त्याच्या कानावर घालण्यात आली होती. बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांना सांगितले गेले, आणि बंदोबस्त जेवणानंतरवर पडला. जेवणानंतर गारदी आत आले. तोंडी मागणी काय, तर थकलेल्या पगाराची! आम्हाला इथे थांबावेसे वाटते. पगार थकणे ही किती जुनी सबब आणि किती जुनी सत्यकथा आहे! ज्याने कट रचला त्याला पक्के ठाऊक होते, की पगार थकलेले शिपाई ओरडत आले तर देवडीवरच्या कोणाला नवल वाटणार नाही. पेशवा पळत चुलत्याच्या दालनात गेला, राघोबादादांना मिठी मारली. तुळाजी पवार या खिजमतगाराने त्याला ओढले, सुमेरसिंगाने वार केला. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच मारला गेला.

रियासतकार सरदेसायांनी त्या अर्ध्या तासाचा हिशेब दिला आहे. वाड्यात एकूण अकरा माणसे मारली गेली. पेशवा धरून सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर, आणि दोन कुणबिणी.

दोन कुणबिणी.

पेशव्याचे नाव आपण जाणतो. चापाजीचे नाव जाणतो, आणि ते जाणावेच. या दोघींचा मात्र आकडा उरला आहे. आता आमच्यातला एन्क्वायरी लढवणारा माणूस जागा होतो आणि विचारतो : या दोघी का मेल्या? गारद्यांना त्यांच्याशी वैर नव्हते. त्यांच्या अंगावर लुटण्याजोगे काय असणार? वाटेत आल्या म्हणून? कोणाला लपवत होत्या म्हणून? की त्यांनी काही पाहिले म्हणून? एखादा चेहरा, एखादी खूण, कोणीतरी आतून काढलेली कडी? पुढची सारी गोष्ट या एका प्रश्नातून निघू शकते. आणि आपण आजवर कोणत्या प्रश्नावर तोंडाची वाफ दवडली? 'ध' चा 'मा' कोणी केला यावर! धरावे की मारावे, असा तो कागद आणि आनंदीबाईंची लेखणी. ही गोष्ट लोकांच्या तोंडी वाढली. तो मूळ कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. पण एका अक्षरावर अडीचशे वर्षे चर्चा झाली, कारण ते अक्षर मोठ्या घरातले होते.

कुणबीण म्हणजे काय, हे तरुण मंडळींना सांगायला हवे. कुणबी जातीशी याचा घोळ करू नये. त्या काळी कुणबीण किंवा बटीक म्हणजे विकत घेता येणारी, विकता येणारी, नजराणा म्हणून देता येणारी स्त्री. कोणी दुष्काळात विकली गेलेली, कोणी मुलुखगिरीत धरून आणलेली, कोणी बदकर्माचा आरोप शाबीत झाला म्हणून सरकारजमा झालेली. तिने कोठीत दळायचे, कांडायचे, पागेत शेण काढायचे, गडावर बांधकामाला चुना-माती वाहायची, माजघरात बाळंतिणीचे करायचे. धान्याचा शिधा आणि वर्षाकाठी लुगडे. मूल झाले तर तेही बहुधा धन्याचेच. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीला कोर्टात थारा द्यायचा नाही असे ठरवले, तोवर हे व्यवहार कागदोपत्री राजरोस चालत. आपल्याकडेही 'नोबी' होत्या, फक्त आपण त्यांना घरातल्या बायका म्हणून झाकून टाकले.

तेव्हा कल्पना करा. वाड्यात सोळा वर्षांची एक कुणबीण आहे. तिला मुदपाकखान्यापासून माजघरापर्यंत कोठेही मज्जाव नाही, कारण खरकटे सगळीकडेच असते. कोणत्या दालनात रात्री दिवा किती वेळ जळतो हे तिला तेलावरून कळते. कोणाच्या पानावर अन्न तसेच राहिले, हे तिला भांड्यांवरून कळते. खलबतखान्यात चार माणसे बसली की पाच, हे तिला पाण्याच्या तांब्यांवरून कळते. त्या दुपारी तिच्या सोबतीच्या दोघी मरतात. आणि मग वाड्यात रामशास्त्री प्रभुणे यांचा तपास सुरू होतो.

रामशास्त्र्यांविषयी आपल्याला एकच प्रसंग माहीत असतो : खुद्द सत्ताधीशाला त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. १९४४ च्या 'रामशास्त्री' चित्रपटाने तो घरोघर नेला. तो क्षण भव्य आहेच. पण आमचे मन त्याच्या आधीच्या आठवड्यांत अडकते. निकाल द्यायला धैर्य लागते. पुरावा गोळा करायला मात्र दारोदार जावे लागते. आरोपी गादीवर, शिपाई त्याचे, पैसा त्याचा. अशा वाड्यात साक्ष दिली असेल कोणी? आमचा एन्क्वायरीचा अनुभव असा, की साहेब खुर्चीवर असेतो सुपरवायझर बोलत नाही, कारकून बोलत नाही. बोलतो तो झाडूवाला, कारण त्याला खाली पडायला पायरीच उरलेली नसते. आणि रामशास्त्री स्वतः कोण होते? साताऱ्याच्या सावकाराघरी शागीर्द म्हणून राबलेला पोर, धन्याचे पाय धुताना त्याच्या कानातल्या मोत्याकडे टक लावून पाहिले म्हणून बोलणी खाल्ली आणि मग थोराड वयात काशीला शिकायला गेला, अशी कथा सांगतात. कथा असेल. पण जो माणूस कधीतरी कोणाचे पाय धूत बसला होता, त्याला एवढे तरी ठाऊक असणार, की खाली बसलेल्या माणसाला वरचे सारे दिसते. असा शास्त्री आणि अशी कुणबीण समोरासमोर आणा. तो तिला 'पोरी' म्हणून हाक मारील. ती मान वर करणार नाही. तिच्या साक्षीला त्या न्यायसभेत वजन किती? साक्ष दिली तर तिला वाचवील कोण? शास्त्री तर पुणे सोडून जाणार! ती कोठे जाईल? आमच्या मते खरे रहस्य इथे आहे. खून कोणी करवला हे पुण्यात पुष्कळांना ठाऊक होते. ते बोलायचे कोणी, हा पेच होता.

आता कोणी विद्वान म्हणेल, हे सगळे आजचे विचार जुन्या माणसांच्या डोक्यात घालणे झाले. तेव्हाच्या दासीला हक्क-बिक्क काय ठाऊक? हा आक्षेप आम्ही हलक्यावर घेत नाही. कुणबिणीच्या तोंडी जाहीरनामा घालणारा लेखक आम्हालाही नको. त्या कोरियन कादंबरीचे बळ तेच आहे. सोल भाषण करीत नाही. ती घाबरते, खोटे बोलते, अंमलदाराने एक शब्द बरा बोलला की हुरळते, त्याच्यासाठी जीव टाकायला निघते. दास्याने माणूस नुसता बांधला जात नाही, तो बांधणाऱ्याचे प्रेमही मागू लागतो. हे त्या लेखिकेने ओळखले आहे. आमच्या कामगारांतही आम्ही हे पाहिले आहे. साहेबाने दिवाळीला नावाने हाक मारली म्हणून युनियनची पावती फाडायला कचरणारा माणूस वाईट नसतो.

आणि कुणबिणीला हक्क ठाऊक नसेल, पण अन्याय ठाऊक नसतो असे कोणी समजू नये. इथलाच एक दाखला देतो. नावे सांगणार नाही. आपल्या या उपनगरातल्या एका इमारतीत एका घरातली सोन्याची बांगडी गेली. संशय कोणावर? काम करणाऱ्या बाईवर. दुसरे नाव कोणाच्या मनातही आले नाही. बाईला ठाण्यावर नेले, दिवसभर बसवून ठेवले. झोपडीची झडती झाली, पत्र्याचा डबा उपडा केला, मुलीची वह्या-पुस्तके जमिनीवर पडली. आम्ही संध्याकाळी पोहोचलो. बाई रडत नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, 'दादा, बांगडी कुठे आहे ते मला माहीत आहे. पण मी सांगितलं तर म्हणतील, हिनेच ठेवली असेल.' त्या घरातल्या तरुण मुलाच्या खिशात गहाणवटीच्या दुकानाची पावती होती. पँट धुवायला टाकताना बाईंनी ती पाहिली होती, वाचली होती, आणि घडी करून टेबलावर ठेवली होती. पुढे चार दिवसांनी मुलगा घरीच कबूल झाला. तक्रार मागे घेतली गेली. बाईंकडे माफी मागायला कोणी आले नाही, आणि त्या इमारतीतली बाकीची तीन कामेही गेली. कारण पोलीस घरी आलेली बाई कोणाला नको. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे. पण 'आधी हिला विचारा' असे कोणत्या कलमात घालणार?

ती मुलगी, जिच्या वह्या जमिनीवर पडल्या होत्या, तीच आम्हाला सोलची गोष्ट सांगणारी. मघाशी आम्ही तिला सहकारी बाईंची मुलगी म्हटले, ते यासाठी की बाई आता आमच्याबरोबर घरकामगारांच्या संघटनेचे काम पाहतात. तिने ते पुस्तक एका रात्रीत का संपवले, हे आम्ही तिला विचारले नाही.

म्हणून आम्हाला वाटते, की पोरांसाठी असली कादंबरी हवी. मोठ्यांसाठी इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मोठ्यांची मते आता पिकून घट्ट झाली आहेत. चौदा-सोळा वर्षांचे वय निराळे असते. त्या वयात आपल्यालाही कोणी विचारत नसते. घरातले सारे मोठे आपल्यासमोर बोलतात आणि आपण ऐकतो. तेव्हा त्या वयाच्या वाचकाला दासीची जागा समजावून सांगावी लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोरांना इतका आवडला तो उगाच नव्हे : फुरसुंगीचा काटकुळा पोर, मोठ्यांना न दिसलेले त्याला दिसते. तो सायकलवर होता. आता एखादी पोर दोनशे-अडीचशे वर्षे मागे, अनवाणी, हातात केरसुणी घेऊन चालू द्या.

साधने नाहीत असे म्हणू नका. पेशवे दप्तरातले निवडक कागद सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत छापले. छापले त्याच्या कितीतरी पट कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत, लिपी मोडी. राजकारणाची पत्रे लोकांनी आधी वाचली, हे साहजिक. पण शिधा कोणाला किती दिला, लुगडी किती वाटली, कोणती कुणबीण कोणत्या गडावर पाठवली, असले जमाखर्चाचे कागद हे आमच्या दृष्टीने मस्टर आहे, हजेरीपट आहे! मस्टर वाचता आले की कारखाना कळतो. वाडा १८२८ च्या आगीत गेला. तट, दरवाजे आणि जोती उरली. त्या जोत्यांवरून चालताना मार्गदर्शक दिवाणखाना दाखवतो, कारंजे दाखवतो. कोठीघर कोठे होते, पाणी कोणत्या वाटेने आत येई, हे विचारणारा पर्यटक त्याला बहुधा भेटत नसावा.

आणि लिहील कोण, हाही प्रश्न घाटकोपरात तरी पडू नये. इथून हाकेच्या अंतरावर, चिरागनगरच्या झोपडीत अण्णा भाऊ साठे राहत होते. शाळेत ते दीड दिवस गेले असे सांगतात. १९५९ साली त्यांचा 'फकिरा' आला, आणि ज्या माणसाची नोंद तोवर पोलिसांच्या दप्तरात व्हायची त्याची नोंद वाङ्मयात झाली. ते काम त्यांनी कोणाच्या परवानगीने केले नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी दुपारी आता मोडीचा वर्ग भरतो. शिकवायला निवृत्त कारकून आहेत, शिकायला सात जणी आणि दोघे जण. त्या मुलीने गेल्या महिन्यात पहिले प्रकरण लिहून आणले. भाद्रपदातली दुपार आहे, जेवणे झाली आहेत, परातींचा ढीग पडला आहे, आणि देवडीकडून आरडाओरडा ऐकू येतो. भांडी घासणारी पोर मान वर करीत नाही. आवाजावरून ती म्हणते, हे पगार मागणारे नाहीत, पगार मागणारे असे धावत येत नाहीत. त्या पोरीला तिने एक नावही दिले आहे. ते नाव पुस्तक छापून होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, असे आमच्याकडून तिने कबूल करून घेतले आहे, तेव्हा ते आम्ही सांगत नाही.